बघूमावशीचा गुरुवार

माझ्या मावशीला कुठल्याही कार्यक्रमाला बोलावताना हल्ली जरा विचार करावा लागतो, कारण ती येते. नुसती येत नाही, वेळेच्या आधी येते. यजमानीण अजून केस विंचरत असली तर म्हणते, "तुझं चालू दे, मी बसते." आणि बसत मात्र नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरून फडताळ उघडते आणि आतले डबे, बरण्या, बाटल्या तोंडं पुढे करून एका रांगेत लावून टाकते. वर्षानुवर्षं दुकानातले रॅक लावल्यावर हात आपोआपच तिकडे वळतात. पुढचा आठवडाभर त्या घरात कोणाला काही सापडत नाही.

पण ही झाली आत्ताची मावशी. त्याआधी सगळं घराणं तिला बघूमावशी म्हणायचं. हे नाव माझ्या बाबांनी ठेवलं. तिला काहीही विचारा, रविवारी जेवायला येशील का, भिंगरीच्या शाळेत पालकांना बोलावलंय तर जाशील का, दात दुखतोय तर डॉक्टरची वेळ घेऊ का, उत्तर एकच: "बघू." सुरुवातीला लोकांना वाटायचं की हिला भाव खायची सवय आहे. जवळच्यांना लवकरच कळलं की बघू म्हणजे ती येणार नाही. मग त्यांनी विचारणंच कमी केलं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्याच मजल्यावर समोरच्या एका खोलीत ती आणि तिची मुलगी भिंगरी राहायच्या. भिंगरी हे काही शाळेतलं नाव नव्हे, पण ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे तेच चिकटलं. मावशीचा नवरा भिंगरी रांगायला लागली तेव्हा परगावी कामाला गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्याबद्दल आमच्या घरात फारसं बोलत नसत, आणि मीही बोलणार नाही.

मावशी कामाला होती ती बाजाराच्या टोकाच्या मोठ्या दुकानात. तिथे सुईपासून गादीपर्यंत सगळं मिळायचं. अंगाने ती एवढीशी, पण कामाला विजेसारखी. खोकं कापताना आतल्या मालाला ओरखडा नाही, काउंटरवर बसली की रांग बघता बघता ओसरायची. दुकानाला तिच्या कामाबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार असलीच तर आम्हाला दुकानाबद्दल होती, आणि त्यातही दुकानाच्या कॉम्प्युटरबद्दल.

हा कॉम्प्युटर रोज ठरवायचा की उद्या गिऱ्हाईक किती येईल. पाऊस पडणार का, पगाराचे दिवस आहेत का, मागच्या वर्षी याच दिवशी किती खप झाला होता, हे सगळं चघळून तो संध्याकाळी एकेकाच्या फोनवर निरोप पाठवायचा. उद्या पहाटे ये आणि दहाला घरी जा. किंवा उद्या दुपारी ये. किंवा उद्या सकाळी ये, मधे चार तास घरी जा, संध्याकाळी पुन्हा ये. सगळ्यात वाईट म्हणजे हाकेचा दिवस. त्या दिवशी युनिफॉर्म घालून घरी फोनजवळ बसायचं. हाक आली तर धावायचं, नाही आली तर बसल्याबद्दल छदामही मिळायचा नाही.

त्यामुळे आमच्या घरी जेवताना मावशीचा फोन वाजला की बाबा हात वर करायचे आणि सगळे चावायचे थांबायचे. मावशी निरोप वाचायची, मग कामाची वाटणी व्हायची. भिंगरीला शाळेत मी सोडणार, आणणार बाबा, आणि ते लिफ्ट दुरुस्त करायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले असले तर खालच्या मजल्यावरची शिक्षिका आणणार. आई शिवणाच्या दुकानात सातपर्यंत असायची, तिला धरून चालायचंच नाही. एकदा निरोप आल्यावर सगळी वाटणी झाली, हात धुऊन झाले आणि दुसरा निरोप आला की पहिला रद्द. त्या कॉम्प्युटरला कोणीतरी एकदा भरपावसात भिंगरीला शाळेतून आणायला पाठवावं, असं मला तेव्हा फार वाटायचं. अजूनही वाटतं.

कोपऱ्यावरच्या खानावळवाल्या बाईंनी मावशीला रोज सकाळी दोन तास भाज्या चिरायला बोलावलं होतं. चांगलं काम होतं, चार पैसे जास्त मिळाले असते. मावशी म्हणाली, बघू. बाई म्हणाल्या, भाजीला बघू चालत नाही हो, आणि दुसरी बाई ठेवली. महिन्याचा पगार किती येणार हे महिना संपेपर्यंत कळायचं नाही, तेव्हा घरमालकाच्या वाट्यालाही बघूच यायचं. तोही बिचारा सरावला होता.

दुकानातून फोन आला की मात्र बघू नाही. तिथे "येते, साहेब." फोनची दुसरी घंटी वाजायच्या आत. नाही म्हणणाऱ्या बाईचे पुढच्या आठवड्यातले तास कसे कोण जाणे कमी व्हायचे. हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. थोडक्यात काय, मावशीकडचे सगळे "येते" दुकानात खर्च व्हायचे आणि घरच्यांसाठी एकही उरायचा नाही.

मग सरकारने कायदा केला. बाबांनी चहा पिता पिता पेपरातून मोठ्याने वाचून दाखवला. मोठ्या दुकानांनी आणि हॉटेलांनी कामगारांच्या ड्युटीचा तक्ता दोन आठवडे आधी लावायचा. नंतर बदल करायचा असेल तर कामगाराला विचारायचं. तो नाही म्हणू शकतो आणि त्यासाठी त्याच्यावर राग काढायचा नाही. हो म्हणाला तर वरचे पैसे द्यायचे. हाकेवर बसवलं तर बसल्याचेही द्यायचे. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि असले कायदे पेपरातच छान दिसतात, असं त्यांचं ठरलेलं मत दिलं. आईने मावशीला विचारलं, तुला काय वाटतं? मावशी म्हणाली, "बघू."

पण तक्ता खरंच लागला. पाण्याच्या मशीनशेजारच्या भिंतीवर. सगळ्या बाया जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर नातवाचा पहिला फोटो बघावा तशा उभ्या राहिल्या म्हणे. मावशीने त्याचा फोटो काढून आणला आणि आम्हाला मोठा करून दाखवला. तास काही वाढले नव्हते, पगारही होता तेवढाच. पण तिच्या नावापुढे दोन आठवडे आडवे पसरले होते, आणि दोन्ही आठवड्यांत गुरुवारची जागा रिकामी होती.

पहिल्या गुरुवारी मी कॉलेजातून लवकर आले तर मावशी आमच्या स्वयंपाकघरात बसलेली. अंगात युनिफॉर्म, पायात बूट, नाड्या बांधलेल्या, फोन समोर. मी म्हटलं, मावशी, आज सुट्टी ना तुला? म्हणाली, हो, माहीत आहे मला. आई आली, तिनेही तेच विचारलं. मावशी म्हणाली, "ताई, सुट्टी आहे हे मला माहीत आहे गं. त्यांना माहीत आहे का ते बघतेय." दिवस मावळेपर्यंत तिने बूट काढले नाहीत. तोवर आमचं फडताळ दोनदा लावून झालं.

त्यानंतरच्या रविवारी मामाचा पन्नासावा वाढदिवस होता. मावशीने तक्ता बघून फोनवर सांगितलं, येते. आणि गेली. तिथे सगळ्यांची पानं मांडली होती, तिचं नव्हतं. मामीला वाटलं होतं की मावशीचं येते म्हणजे बघूचाच मोठा भाऊ असेल. मामा ओशाळला, स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आपल्याच वाढदिवसाला खिडकीला टेकून उभ्याने जेवला. मावशी घरी येताना हसत होती. म्हणाली, लोकांना माझी सवय व्हायला वेळ लागेल. तिला वाटलं की लोक म्हणजे मामा-मामी.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मावशी खुशीत होती. भिंगरीच्या शाळेजवळ पोहण्याचा तलाव होता आणि दर गुरुवारी संध्याकाळी ती तिथे शिकायला जायची. मावशीने तिला पाण्यात कधी पाहिलंच नव्हतं. ती म्हणाली, "भिंगरे, या गुरुवारी मी येणार तुझं पोहणं बघायला. आपण दोघी जाऊ."

भिंगरीने पानातून मान वर केली नाही. रागावली नव्हती, रुसलीही नव्हती. घास गिळून ती म्हणाली, "बघू."

बाबा हसले, आणि हसता हसता मधेच थांबले. मावशीने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. एवढ्याशा पोरीला दोन थपडा द्याव्यात की तिला कुशीत घ्यावं हे मला कळेना. नऊ वर्षांची ती. कोणाकडून शिकली हे काही विचारायला नको होतं.

जेवणं झाल्यावर आईने मावशीला बाजूला घेऊन सांगितलं. तलावावर पोहणं शिकवणाऱ्या बाई तिला शिवणाच्या दुकानात भेटल्या होत्या. भिंगरी उथळ पाण्यातलं सगळं शिकून चुकली होती, खोल पाण्यात जायला तयार होती. पण बाईंचा नियम होता की खोल पाण्यातल्या पहिल्या महिन्यात दर गुरुवारी घरचं मोठं माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बाकावर बसलेलं पाहिजे. एक गुरुवार जरी बाक रिकामा राहिला तरी मूल परत उथळ पाण्यात, मग पुढच्या वर्षीच बघायचं. हे बाईंनी भिंगरीला कितीदा तरी सांगितलं होतं. भिंगरी घरी बोललीच नव्हती.

मावशीने तिला समोर बसवून विचारलं, का नाही सांगितलंस?

भिंगरी म्हणाली, "तू बघू म्हणाली असतीस. तू बघू म्हटलंस की मी खिडकीत बसते. मग तू येत नाहीस. त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

मावशीला तिथेच रडू फुटेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिने भिंगरीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "मी येते. चारही गुरुवार येते." भिंगरीने मान हलवली. शिक्षकांनी काही सांगितलं की मुलं हलवतात तशी, फार विश्वास न ठेवता.

नव्या तक्त्यातही तिचे गुरुवार रिकामेच होते. पहिल्या गुरुवारी मावशी गेली. माझं कॉलेज लवकर सुटायचं म्हणून मीही गेले. बाक निळा होता, ओला होता, आणि त्यावर चार-पाच आया आणि एक आजोबा बसले होते. मावशीने आधी सगळ्या मुलांच्या चपला जोडीने रांगेत लावल्या, मग बसली. भिंगरी पाण्यात उतरली. ती छान पोहायची, पण दर दोन हात मारले की डोकं वर काढून बाकाकडे बघायची. मग नाकात पाणी जायचं, खोकला यायचा आणि बाई ओरडायच्या, मान खाली, मान खाली. मावशी बाकावरून हात हलवून सांगायची, मी इथेच आहे. दुसऱ्या गुरुवारीही तेच. बाईंनी शेवटी मावशीला बजावलं, हिची मान खाली राहिली नाही तर हिला खोल पाण्यात ठेवून काही उपयोग नाही. मावशीने रात्री भिंगरीला समजावलं. भिंगरी म्हणाली, मान आपोआप वर येते.

तिसरा गुरुवार उजाडला. दुपारी मावशी आमच्याकडे बसून टॉवेलाच्या घड्या घालत होती. फोन वाजला. दुकानातले साहेब. साहेब म्हणजे तिशीतलाच पोरगा, कायम टाय घातलेला, आणि बोलायला वाईट नव्हता. दोघीजणी तापाने पडल्या होत्या आणि मालाचा ट्रक दारात येऊन उभा होता. कायद्याप्रमाणे त्याने विचारलं, पाच ते नऊ जमेल का, वरचे पैसे मिळतील.

"येते, साहेब," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने तोंडावर हात ठेवला. मला विचारलं, काय बोलले गं मी? मी म्हटलं, येते म्हणालीस. तिने लगेच उलटा फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. साहेब ट्रकपाशी असणार आणि फोन टेबलावर. मी म्हटलं, मी बसते बाकावर. पण अठराला मला अजून दोन महिने होते. बाईंनी माझं वय आधीच विचारून ठेवलं होतं, आणि खोटं बोलायला गेलं की माझे कान लाल होतात.

मावशी खोलीत येरझारा घालायला लागली. वरच्या पैशात भिंगरीचे शाळेचे बूट येतील, म्हणाली. मग म्हणाली, एकदा शब्द गेला. मग, नाही म्हटलं तर माझे तास कापतील, कायदा काय रोज माझ्या काउंटरवर उभा राहणार आहे? असं बोलता बोलताच ती आपल्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात युनिफॉर्म होता. मला वाटतं, तो घातला हे तिलाही कळलं नव्हतं.

तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली. तिने दारातूनच आईकडे पाहिलं. युनिफॉर्म पाहिला. काही विचारलं नाही, तोंड पाडलं नाही. पोहण्याची पिशवी खांद्याला लावायला ती खुंटीकडे निघाली होती, ती तिथेच वळली आणि अभ्यासाचं दप्तर उघडून बसली. एवढी शहाणी पोर मला तरी बघवली नाही.

मावशीलाही बघवली नाही. ती म्हणाली, "पिशवी घे."

"कुठे जायचंय?"

"आधी दुकानात. मग तलावावर."

आम्ही तिघी दुकानात गेलो. साहेब मागच्या दारापाशी खोकी मोजत होते. युनिफॉर्ममधली मावशी दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आणि तिच्या हातातली पिशवी आणि शेजारची शाळेच्या कपड्यातली पोरगी दिसल्यावर पुन्हा पडला.

मावशी म्हणाली, "साहेब, मला आज जमणार नाही."

"ताई, पण तुम्ही आत्ता येते म्हणालात."

"म्हणाले. तोंडाला सवय आहे, निघून गेलं. पण त्याआधी मी हिला येते म्हणाले होते. आज मी तलावावर बसणार आहे." मग जरा थांबून ती म्हणाली, "फोन लागेना, म्हणून सांगायला आले. नाही."

मी तिच्या मागेच उभी होते. साहेबांनी ट्रककडे पाहिलं, काउंटरवरच्या रांगेकडे पाहिलं. चिडतील असं वाटलं, पण ते फक्त दमलेले दिसले. म्हणाले, मला विचारायची मुभा आहे, ओढून आणायची नाही. तुम्ही जा. आणि त्यांनी टायची गाठ सैल केली. त्या दिवशी ते स्वतः काउंटरवर बसले आणि रांग पावांच्या रॅकपर्यंत गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. पुढच्या तक्त्यात मावशीचे तास तेवढेच होते. मी मुद्दाम जाऊन बघितले.

जाता जाता मावशीने साबणाच्या वड्या सरळ केल्या. त्याशिवाय तिला दारातून बाहेर पडता येत नव्हतं. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, आता माझं काही खरं नाही. भिंगरीने तिचा हात ओढला. म्हणाली, "आई, नंतर घाबर. उशीर होतोय." आणि आम्ही पळत सुटलो. पुढे भिंगरी, मधे दुकानाच्या युनिफॉर्मात मावशी, मागून धापा टाकत मी.

बाई घड्याळ बघत उभ्याच होत्या. भिंगरी धावत कपडे बदलायला गेली. मावशी त्या ओल्या निळ्या बाकावर बसली. चपला लावायचंही तिला सुचलं नाही. बाईंनी शिट्टी वाजवली आणि मुलं खोल बाजूने पाण्यात उतरली.

भिंगरी निघाली. दोन हात झाले, चार झाले. मावशीने सवयीने हात वर केला, मी इथेच आहे म्हणून. भिंगरीचं डोकं वर आलं नाही. ती समोरच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, पुन्हा आली. पुन्हा गेली. मान खाली, पाय सरळ, मागे पांढरा फेस. बाईंनी एकदाही तिच्यावर आवाज चढवला नाही. मावशीचा हात हवेत तसाच राहिला होता, तो मी खाली घेतला.

"एकदाही वळून बघितलं नाही कार्टीने," मावशी म्हणाली.

म्हणाली तक्रारीच्या सुरात, आणि मग मात्र रडायला लागली. चांगली हुंदके देऊन. शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय झालं हो, काही वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही, चांगलीच आहे. पिशवीतून टॉवेल काढून मी मावशीला दिला, आणि ती तो तोंडावर धरून तास संपेपर्यंत बसली. भिंगरीला मग ओल्याच टॉवेलने अंग पुसावं लागलं, आणि त्याबद्दल ती आम्हा दोघींना घरी पोचेपर्यंत बोलत होती.